लाल ठिपक्यांचा हंगाम

द्राक्षाच्या बागाईतदाराला डायबेटीस झाला यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. पण ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी हसला आणि मग "तब्येतीला जपा" म्हणाला. आमचे व्याही तर फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बागेचीच लागण झाली म्हणायची," म्हणाले. मीही हसलो. घरी येऊन जिलबीचा एक तुकडा खाल्ला; म्हटलं, इतक्या वर्षांची सोबत, निरोप नीट द्यावा. तो निरोप-समारंभ पुढे आठवडाभर चालला.

राहायला आम्ही पंचवटीत. बाग सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. रोज मोटारसायकलवरून जाणं-येणं. ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या आसपासची. घरात इंटरनेट नुकतं आलं होतं आणि वीज रोज जात होती. म्हणजे जग घरात यायचं, पण लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून.

आमच्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "काका, गोळ्या माझ्या, तोंड तुमचं. दोघं मिळून सांभाळू." आणि दिवाळीला मुलगी पुण्याहून आली ती फराळाऐवजी एक छोटं मशीन घेऊन आली. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, क्षणात आकडा. तिने कंप्युटरवर एक अमेरिकेतली साइट उघडली, माझं खातं काढलं आणि मला खुर्चीत बसवलं.

"आप्पा, रोज सकाळी उपाशीपोटी शुगर मोजायची आणि आकडा इथे टाकायचा. साइट आपोआप ग्राफ काढते. शुगर ताब्यात असली तर हिरवा ठिपका, वर गेली की लाल. मी तिकडून बघणार."

"म्हणजे पाळत ठेवणार माझ्यावर?"

"हो."

आईवर गेली आहे. तोंडदेखलं "छे हो" सुद्धा म्हणत नाही.

सुरुवातीला मी त्या साइटचे जे हाल केले ते सांगायला हरकत नाही, कारण साइट काही इथे येऊन भांडणार नाही. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, हे मला कोण सांगणार? मी आपला दिवस आधी, महिना नंतर टाकत राहिलो. चार दिवसांनी मुलीचा फोन. "आप्पा, तुमची डिसेंबरची शुगर तुम्ही आत्ताच कशी मोजली?"

"आगाऊ भरून ठेवली," मी म्हणालो. "घरपट्टीवर सूट मिळते तशी इकडे मिळते का बघ."

खाण्याच्या यादीत भाकरी नव्हती, पिठलं नव्हतं, मेथीची भाजी तर नव्हतीच. मी जवळचं बघून टिचकी मारायचो. एकदा थालीपीठ शोधून दमलो आणि गोल, सपाट, तव्यावरचं म्हणून 'पॅनकेक'वर खूण केली. अर्ध्या तासात पुण्याहून फोन. "पॅनकेक? वर मध घातला होता का?" शेजारी बसून लसणाची चटणी वाटणारी आमची मंडळी म्हणाली, "तिला सांगा, मध नव्हता, लोणी होतं. आणि ते मी दिलं होतं. मलाही टाका म्हणावं तुमच्या ग्राफात."

पण हळूहळू जमलं. नोव्हेंबर हिरवा गेला, डिसेंबर हिरवा गेला. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकाने वडिलांना कधी आनंद दिला नव्हता. आता साठीला टेकल्यावर ओळीने हिरवे ठिपके मिळायला लागले तर मी काय करणार? आल्या-गेल्याला कंप्युटरसमोर बसवून दाखवायचो. एका पाहुण्याला वाटलं, ही बाजारभावाची साइट आहे. "एवढा स्थिर भाव कशाचा?" म्हणाला.

आता बागेचं सांगतो, कारण घोटाळा तिथे झाला.

द्राक्ष काढायचं कधी, हे मण्यात साखर किती भरली यावर ठरतं. आमच्या भागात माझी जीभ त्यासाठी प्रसिद्ध होती. ओळीतून चालायचं, चार झाडांचे चार मणी तोंडात टाकायचे आणि सांगायचं, "अजून आठ दिवस थांबा." लोक खरोखर थांबायचे. डायबेटीस निघाला तेव्हा मॅडमनी विचारलं, "दिवसाला किती मणी होतात असे?" मी हिशोब केला, आणि तो तिथल्या तिथे निम्मा करून सांगितला. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी मी ठरवलं, या हंगामात एकही मणी तोंडात घालायचा नाही. एकही म्हणजे एकही नाही. इतरांकडे जीभ नसते म्हणून ते जे यंत्र वापरतात, ते मीही घेतलं. हातात मावणारी नळी असते. तिच्या टोकाच्या काचेवर मणी पिळायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत साखरेचा आकडा दिसतो. मग काच पुसायची आणि पुढच्या झाडाकडे जायचं. काच पुसायला माझ्या खांद्यावर टॉवेल असायचा. तो बागेतलाच, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. घरी तो कधी गेला नाही, त्यामुळे आमच्या मंडळींच्या धुण्यात कधी सापडला नाही.

जानेवारीच्या शेवटी काढणी सुरू झाली. काढणी गारव्यात करावी लागते, म्हणून मी उजाडायच्या आत बिनचहाचा निघायचो. शुगरचं मशीन बरोबर. बागेत पोचलो की आधी सगळ्या ओळींमधून फिरून द्राक्षांची साखर मोजायची, मजुरांना कुठून तोडायचं ते दाखवायचं. मग मोटारीच्या खोलीपाशी येऊन पिंपातल्या पाण्याने हात धुवायचे, पुसायचे, बोट टोचायचं आणि नंतरच डबा उघडायचा. असा मी शिस्तीचा माणूस झालो होतो. स्वतःकडे बघून मलाच थोडा कंटाळा यायचा.

आणि ग्राफवर पहिला लाल ठिपका आला.

एखादा दिवस असतो, म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी त्याहून वर. एकादशीला काढणी बंद होती, घरी मोजली, तर हिरवा. परत बागेत गेलो, परत लाल. मी रात्रीची भाकरी अर्धी केली. कारल्याचा रस प्यायलो. तो पिताना माझा चेहरा बघून घरातलं मांजर उठून गेलं. संध्याकाळी गोदाघाटावर फेऱ्या मारायला लागलो, इतक्या जोरात की भाजीबाजारातल्या एका ओळखीच्या बाईने काळजीने विचारलं, "दादा, कोणी मागं लागलंय का?" एवढं करून आकडे खाली यायचं नाव नाही. उलट जसजसा हंगाम पुढे सरकला तसतसे ठिपके वर चढत गेले.

मुलीने फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा भांडणाचा नव्हता. तो हळू होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"आप्पा, तुम्ही घरी असता त्या दिवशी शुगर बरोबर. बागेत गेलात की वर. ग्राफात स्वच्छ दिसतंय. एक तर तुम्ही द्राक्षं खाताय…"

"एक मणी खाल्ला असेल तर…"

"…किंवा बागेचं टेन्शन घेताय. दोन्हीवर उपाय एकच आहे. बाग वाट्याने देऊन टाका. शेजारचे तयार आहेत ना?"

शेजारचा बागाईतदार तयारच होता. तो माझ्या बागेकडे असा बघायचा, जसा मी जिलबीकडे. आमची मंडळी मुलीच्या बाजूने. शेवटी घरात ठरलं की गुढीपाडव्यापर्यंत बघायचं. ठिपके हिरवे झाले तर ठीक, नाही तर पाडव्याला बाग शेजाऱ्याच्या हातात, आणि मी पंचवटीत, बाल्कनीत, मोसंबीसुद्धा न खाता.

उसाचं रान मोडून ती बाग मी लावली होती. पहिली छाटणी मी स्वतःच्या हाताने केली होती. बाग गेली की मागे उरणार होता तो फक्त एक पेशंट, आणि तोही नापास. मी कंप्युटर बंद केला आणि स्वतःला सांगितलं, पाडव्याला अजून वेळ आहे. काय वाटेल ते करीन, पण बाग देणार नाही.

काय वाटेल ते म्हणजे काय, हे मात्र सुचत नव्हतं. मॅडमकडे गेलो. त्यांनी ग्राफ बघितला, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "काका, मोजायच्या आधी हात धुता ना?"

मला राग आला. "मॅडम, मी काय बालवाडीत आहे का? रोज धुतो. स्वच्छ धुतो."

"आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी लिहून दिली होती, ती?"

ती मी केली नव्हती. नापास होणार हे ग्राफवर दिसत असताना परीक्षेला कोण बसतो? "करतो, करतो," म्हणालो. त्यांनी रात्रीची गोळी वाढवली आणि बजावलं, "ती तपासणी याच आठवड्यात करा. यानंतरही नाही उतरली तर इन्सुलिन. आणि हात थरथरले, घाम फुटला, तर शुगर खाली गेली समजा. लगेच साखर खा."

मी मान हलवली. साखर आणि खाली! माझी साखर पतंगासारखी वर चालली होती. तपासणीही मी राहूनच दिली.

त्यानंतर सकाळी बागेत मला गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. मी ते कारल्याच्या खात्यावर टाकलं. घरी बोललो नाही, कारण बोललो असतो तर पाडवा तिथल्या तिथे साजरा झाला असता. एके दिवशी मात्र आमची मंडळी उजाडायच्या आत चप्पल घालून दारात उभी.

"मी येते आज."

"कशाला?"

"बघायला. किती मणी जातात पोटात ते."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या जिभेवर नाही."

सबंध सकाळ ती माझ्यामागून ओळीओळीने फिरली. मी मणी तोडला की तिचे डोळे माझ्या हातावर. मी तो काचेवर पिळला, आकडा बघितला, चोथा टाकला, काच टॉवेलला पुसली. एकदा नुसतं खोकायला म्हणून तोंडाशी हात नेला तर म्हणाली, "उघडा बघू." मजुरांसमोर आ करून दाखवला. पेठ तालुक्यातून आलेल्या काढणीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मोटारीच्या खोलीपाशी आलो तेव्हा माझे पाय हलके हलके लागत होते. घामाने सदरा पाठीला चिकटला, आणि ऊन तर अजून आलंही नव्हतं. पिंपात हात धुतले, पुसले. बोट टोचताना हात असा थरथरत होता की सुई तीनदा हुकली. मशीनने आकडा दाखवला. दोनशे एकाहत्तर.

"वाढलीच आहे," मी म्हणालो, आणि भिंतीला टेकून खाली बसलो. डोळ्यांपुढे घड दोन-दोन दिसत होते. एवढी बाग आपल्याला कधीच नव्हती, असंही मनात येऊन गेलं.

"अहो, तोंड बघा कसं झालंय. पांढरं पडलंय."

"शुगर वाढलीय. काही खायला देऊ नकोस. भाकरीसुद्धा नको."

मजुरांसाठी चुलीवर चहा उकळत होता. आमच्याकडचा मजुरांचा चहा म्हणजे पाकच. तिने पेला भरला आणि माझ्या तोंडाला लावला.

"अगं, दोनशे एकाहत्तर!"

"ते मशीनला सांगा. डॉक्टरीण काय म्हणाल्या? घाम फुटला, थरथरलं तर साखर. घाम मशीनला आलाय का तुम्हाला? प्या."

बायकोचं आणि माझं मत वेगळं असलं की मी आयुष्यभर वाद घातला आहे. पण त्या वेळी वाद घालायला जीव नव्हता. प्यायलो. दुसरा पेलाही प्यायलो. थोड्या वेळाने थरथर थांबली, घड पुन्हा एकेक दिसायला लागले, आणि मी सावरून बसलो.

आणि सावरल्याबरोबर डोक्यात भुंगा शिरला. दोनशे एकाहत्तर शुगर असलेला माणूस साखरेचा चहा पिऊन बरा कसा झाला? आणि सकाळपासून पहारा होता. एक मणी पोटात गेलेला नाही, याला घरचाच साक्षीदार.

बागाईतदाराची एक सवय असते. एका झाडाच्या मण्याचा आकडा विचित्र आला तर तो त्यावर विश्वास ठेवत नाही. शेजारचं झाड तपासतो. मी इकडेतिकडे बघितलं. शेजारी एकच झाड होतं.

"तुझं बोट दे."

"मला काय झालंय?"

"काही नाही. तेच बघायचंय."

"लय शहाणे. आत्ता मरत होते, आता डॉक्टर झाले." पण तिने हात धुतले. मी नवी सुई लावली, खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. तिने हात पुसले, डोळे घट्ट मिटले आणि बोट पुढे केलं.

दोनशे अठरा.

आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "मलाही लागली का काय?" तिचे डोळे भरून आले. मी घाबरलो. दोघांनाही! म्हणजे आता बाग नक्की गेली, आणि बाल्कनीत दोन खुर्च्या. तिने डोळे पुसायला तोच टॉवेल उचलला आणि मध्येच थांबली.

"अहो, या टॉवेलला मुंग्या कशा?"

टॉवेलच्या काठाला खरोखर मुंग्या होत्या. ओळीने चालल्या होत्या, काढणीला आल्यासारख्या. तिने टॉवेल बोटांनी चोळला. तो ठिकठिकाणी कडक झाला होता, खळ घातल्यासारखा. तिने वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत लग्नापासूनचं सगळं होतं.

"काच कशाला पुसता तुम्ही?"

"याला."

"आणि हात?"

मी हात मागे लपवले.

तिने साबण मागवला. कोपरापर्यंत हात घासले, पदराला पुसले, दुसरं बोट दिलं. शहाण्णव. मग मी घासले, पुन्हा पुन्हा घासले, आणि टॉवेलकडे न बघता हात वाऱ्यावर वाळवले. दोन पेले पाकाचा चहा पोटात असून एकशे बारा. म्हणजे आधी किती खाली गेली होती, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला. रोज सकाळी मला मशीन सांगत होतं, खाऊ नकोस. आणि मी ऐकत होतो.

ती मात्र पायरीवर बसून हसायला लागली. "म्हणजे इतके दिवस आपण द्राक्षांची शुगर अमेरिकेला कळवत होतो?"

तेच झालं होतं. बाग जशी गोड होत गेली तसा ग्राफ चढत गेला. माझ्या आजाराचा म्हणून जो आलेख मुलगी पुण्यात बसून बघत होती, तो बाग पिकल्याचा होता, आणि अगदी बरोबर होता. मी द्राक्ष तोंडात घालायचं सोडलं म्हणून यंत्र आलं, यंत्र आलं म्हणून टॉवेल आला. मणी खात राहिलो असतो तर हा घोटाळा झालाच नसता. हा मुद्दा मी पुढे घरात मांडून बघितला. तो फेटाळण्यात आला.

संध्याकाळी वीज आल्यावर मी त्या दिवसाचे सगळे आकडे इमानाने साइटवर टाकले: दोनशे एकाहत्तर, दोनशे अठरा, शहाण्णव, एकशे बारा. त्यातले दोन मुलीच्या आईचे आहेत, हे लिहायला तिथे जागा नव्हती. फोन लगेच वाजला.

"आप्पा! एका सकाळीत हे काय चाललंय? आई कुठे आहे?"

"ग्राफात आहे," मी म्हणालो.

तिला सगळं सांगेपर्यंत तीनदा फोन कट झाला, एकदा तिच्या हसण्यामुळे. पण हसून झाल्यावर ती पुन्हा मूळ पदावर आली. "ठीक. पण हे माझ्यासाठी पुरेसं नाही. ती तीन महिन्यांची तपासणी उद्याच करा. ती चांगली आली तर बाग तुमची. तिच्यात टॉवेल चालत नाही."

दुसऱ्या दिवशी गेलो. रक्त काढताना त्या माणसाला म्हटलं, माझे हात बघा, साबणाने धुतलेत. तो म्हणाला, रक्त दंडातून घेणार आहे. तरी बघा, म्हटलं.

मॅडमनी कागद वाचला, परत वाचला, आणि वाढवलेली गोळी खोडली. "पास, काका. चांगले पास. पण मी विचारलं होतं, हात धुता का?"

"धूत होतो, मॅडम. पुसता कशाला, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"बरं वाटत नव्हतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पाडव्याच्या सकाळी शेजारचा बागाईतदार बोलणी करायला म्हणून आमच्याकडे आला, कडक इस्त्रीचे कपडे घालून. त्याला गूळ-कडुलिंब दिला. गुळाचा खडा मोठा आणि माझ्या वाट्याचा. मी नुसता कडुलिंब चावला आणि सांगितलं की यंदाही छाटणी मीच करणार आहे. तो कडुलिंब न खाताच कडवट झाला.

पुढच्या हंगामात मोटारीच्या खोलीपाशी, जुन्या मोज्यात घालून, साबणाची वडी टांगली. काच पुसायला वेगळं फडकं, त्याला लाल दोरा. हात वाऱ्यावर वाळवायचे. थंडीत बोटं बधिर होतात, टोचलेलं कळत नाही, हा फायदाच. आकडा कधी वर गेलाच तर लगेच दुसरं बोट, पुन्हा साबण, आणि तरीही वरच असला तर काल रात्री काय खाल्लं ते आठवायचं. बहुतेक वेळा आठवतं. मग तो लाल ठिपका मी तसाच टाकतो आणि त्या संध्याकाळी घाटावर दोन फेऱ्या जास्त मारतो.

फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. ग्राफ सपाट होता, हिरवा, पार आडवा.

"आप्पा, छान आहे सगळं. पण एक पंचाईत झालीय."

"आता काय?"

"गेल्या वर्षी मला इथे बसून कळायचं. यंदा बागेत साखर भरली की नाही, ते कुठे बघू?"

"कंप्युटर बंद कर आणि ये," म्हटलं. "चव बघायला माणूस पाहिजेच आहे."